साहेबाची चौथी बंदूक

तो प्रसंग मी विसरलेलो नाही, आणि विसरावा अशी माझी इच्छाही नाही. "जाऊ द्या हो, सोडून द्या," असे त्या वेळी मला पुष्कळांनी सांगितले होते. मी सोडले नाही, म्हणून आज लिहितो आहे. नावे मात्र कोणाचीच लिहीत नाही. त्यांची मुले-नातवंडे याच भागात नांदत आहेत.

विसाव्या शतकाची ती पहिली वर्षे. मी धारचा. वडील तिथल्या पागेत मोतद्दार होते, घोड्यांना खरारा करीत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पदवीपर्यंत पोहोचलो नाही, पण इंग्रजी लिहिता-वाचता येऊ लागले आणि तेवढ्या बळावर देवासला नायब फौजदाराची जागा मिळाली. वर्दी नवी होती. चार मोठ्या माणसांसमोर बोलायचे म्हटले की मी अडखळत असे.

देवासची गोष्ट बाहेरच्या वाचकाला सांगायला हवी. गाव एक, राज्ये दोन. एक थोरली पाती, दुसरी धाकटी. बाजारातल्या रस्त्याने दोन्हींची हद्द पडलेली. पलीकडे त्यांचे पोलीस, अलीकडे आमचे. चोर रस्ता ओलांडून गेला की आम्ही या काठावर थांबायचे आणि पत्रव्यवहार सुरू करायचा. मी कोणत्या पातीचा नोकर होतो ते मुद्दामच सांगत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या दरबाराकडे एक विलायती पाहुणा शिकारीला आला होता. बागलीकडच्या जंगलात त्याने वाघ मारला, पाऊस लागताच तापाने अंथरूण धरले आणि सारा पावसाळा दरबारच्या बंगल्यात काढला. बरा झाल्यावर त्याने मुंबईहून बोटीने आफ्रिकेला जायचे ठरवले. तिथेही शिकारच करायची होती, म्हणजे बंदुका बरोबर न्यायच्या होत्या.

बंदुका नेण्याचे नियम कडक होते. येताना त्याने आपल्या बंदुका 'स्वतःच्या वापराच्या' म्हणून जकात न भरता मुंबईत उतरवल्या होत्या. जेवढ्या आणल्या तेवढ्या परत न्यायच्या, परवानगीशिवाय इथे कोणाला विकायच्या नाहीत, ही अट. निघताना आमच्या ठाण्याने प्रत्येक बंदूक यादीशी ताडायची, नळीवरचा नंबर वाचायचा, पेट्या लाखेने मोहोरबंद करायच्या आणि दाखला द्यायचा. त्यावर इंग्रज सरकारच्या एजंटसाहेबांची सही. मग मुंबईला जकात कचेरीत पेट्या फोडून पुन्हा तीच तपासणी. ठाण्यात इंग्रजी येणारा मी एकटाच, म्हणून हे काम माझ्याकडे आले.

यादीत बंदुका चार होत्या. बंगल्याच्या व्हरांड्यात पेट्या तीन.

"चौथी?" मी विचारले.

"चोरीला गेली," साहेब खुर्चीतून न उठता म्हणाला. "जंगलात, तंबूतून. वाघाचा माग काढून देणारा तो माणूस होता ना, त्याने नेली. तुम्ही तसा दाखला द्या, म्हणजे मुंबईत मला कोणी अडवणार नाही."

माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की सारा पावसाळा या माणसाला चोरी आठवली नाही. कागद भरायची वेळ आली तेव्हा आठवली.

पण पाहुणा दरबारचा होता. त्याच दिवशी हुकूम सुटला आणि त्या पाग्याला, म्हणजे माग काढणाऱ्याला, बांधून ठाण्यात आणले. त्याच्या झोपडीची झडती झाली. तिथे त्याची स्वतःची जुनी, वात पेटवून उडवायची तोड्याची बंदूक तेवढी सापडली. नळी तारेने आवळून बसवलेली. तीही मुद्देमाल म्हणून जप्त झाली.

आमचे जमादार माझ्या वडिलांच्या वयाचे, पक्के माळव्यातले. कोणी ऐकत नसले की मला भियाच, म्हणजे भाऊच, म्हणायचे. पाग्याला समोर बसवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "दो-चार लगऊं कंई?"

"नको. त्याला पाणी द्या."

पागी पाणी प्याला. मग म्हणाला, "हुजूर, साब ने बंदूक कदी म्हारा हाथ में नी दी. आगे म्हूं, पाछे साब. वाघ म्हने दिखायो, मार्यो साब ने."

"तुला कोणावर संशय?"

"म्हने कंई मालम." मग त्याने हात जोडले. "हुजूर, म्हारी बंदूक दई दो. म्हने भलां बंद राखो. लुगाई बंदूक चलई ले हे. ज्वार में सूअर घुसी रिया होयगा."

स्वतःच्या सुटकेबद्दल तो बोललाच नाही; बंदूक बायकोच्या हाती पोहोचावी, एवढेच. डुकरांनी ज्वारी तुडवली तर वर्षभर घरात खायला काही राहणार नव्हते. जमादार मला बाजूला घेऊन म्हणाले, "भिया, यो झूठ नी बोली रियो."

मलाही तसेच वाटले, पण वाटण्यावर फिर्याद निकालात निघत नाही. मी पुन्हा बंगल्यावर गेलो आणि साहेबाला सरळ प्रश्न विचारू लागलो. बंदूक कुठे ठेवली होती? पेटीत. पेटी कुठे आहे? तीही नेली. काडतुसे? तीही. नळी साफ करायचा गज? तेलाची बाटली? साहेब चिडला. "सगळेच नेले! तुम्ही चोराला विचारा!"

मी पुष्कळ चोऱ्यांचे पंचनामे केले होते असे नाही, पण एवढे कळत होते. रानातला माणूस बंदूक चोरील तर ती खांद्याला लावून पळेल. एवढी जड पेटी उचलून, त्यात गज आणि तेलाची बाटली नीट ठेवून, जंगलातून मैलोगणती कशाला नेईल? ज्या बंदुकीची काडतुसे आख्ख्या माळव्यात मिळत नाहीत, ती त्याच्या काय कामाची? ही बंदूक चोरीला गेली नव्हती. ती सरंजामासकट कोणाच्या तरी हवाली केली होती.

मी दाखला दिला नाही. दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यांनी मला कचेरीत बोलावले. ते आमच्या पातीचा सगळा कारभार पाहत.

"पाहुण्यांची बोट चुकवायची आहे का तुम्हाला?"

"नाही, साहेब."

"मग सही करा. एका ओळीचं काम."

"त्या ओळीत असं लिहिलंय की, मी जातीनं चौकशी केली आणि माझी खात्री झाली." माझा आवाज कापत होता, हे मी लपवत नाही. "माझी खात्री झालेली नाही."

"खात्री!" ते हसले. शेजारचे कारकूनही हसले. "दोन बुकं काय वाचली, बॅरिस्टर झालात? तीर्थरूप तुमचे धारला पागेतच होते ना?"

"हो. खरारा करायचे."

"मग धन्याचं ऐकायचं शिकवलं नाही त्यांनी?"

"लंगड्या घोड्याला धड म्हणायचं नाही, एवढं शिकवलं," मी म्हणालो. आणि मग भीती वाटण्याऐवजी मला एकदम हलके वाटले. "सही दुसऱ्या कोणाची चालत असेल तर घ्यावी. माझी मिळणार नाही."

त्यांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली. दसऱ्यानंतर पाहुणा निघणार होता. तोवर चोर कबूल झाला नाही तर मी ठाण्यात नसेन, असे स्पष्ट सांगितले.

खबर मिळाली ती जमादारांच्या घरातून. त्यांचा मेव्हणा पलीकडच्या पातीतल्या एका सरदारांकडे पहाऱ्यावर होता. साहेबाने उन्हाळ्यात या सरदारांकडे काळविटांच्या शिकारीसाठी मुक्काम केला होता, आणि तेव्हापासून त्यांच्या खोलीत एक लांब पेटी होती, जिला नोकरांनी हात लावायचा नाही असा हुकूम होता. मेव्हणा जबानी द्यायला तयार नव्हता. नोकरी गेली असती. सरदारांचा वाडा रस्त्याच्या पलीकडे. झडती घ्यायचा मला अधिकार नाही. त्यांच्या पोलिसांना लिहावे तर उत्तर येईपर्यंत साहेब आफ्रिकेत पोहोचला असता.

आणि खंडेनवमी आली.

आमच्या मराठी घरांत त्या दिवशी शस्त्रांची पूजा असते. वर्षभर अडगळीत पडलेली कट्यारसुद्धा बाहेर काढून, घासून पाटावर मांडतात. ठाण्यातही सकाळी पूजा झाली. जमादारांनी तलवारी, संगिनी, बंदुका ओळीने मांडल्या आणि शेवटी मालखान्यातून पाग्याची तारेने बांधलेली बंदूक आणून ठेवली.

"अहो, तो मुद्देमाल आहे," मी म्हणालो.

"भिया, बंदूक तो बंदूक हे. आज के दिन अंधारा में पड़ी रेगी कंई?"

त्यांच्या त्या एका वाक्याने मला दुसरेच काही सुचले होते. सरदारांकडे यंदा नवे शस्त्र आले होते. घरात आलेल्या शस्त्राची पहिली खंडेनवमी. तो मराठा गडी काहीही करील, पण ते पूजेवाचून पेटीत ठेवणार नाही.

खंडेनवमीला दोन्ही पातींचे लोक पानसुपारीला एकमेकांकडे जात. त्याला हद्द नव्हती. मीही गेलो. दिवाणखान्यात लाल मखमलीवर शस्त्रे मांडली होती. पिढीजात खांडा, पट्टे, भाले, आणि मधोमध, झेंडूच्या माळेखाली, दुनळी विलायती रायफल. दस्त्यावर हळदीकुंकवाची बोटे. मागे ती पेटी.

मी वाकून नमस्कार केला. वर पाहिले तर सरदार माझ्याकडेच बघत होते.

"काय नायब, डोळे भरून पाहिलंत ना?" ते मिशीत हसले. "आता प्रसाद घ्या आणि रस्ता ओलांडा. इथं तुमचा हुकूम चालत नाही."

"जाणून आहे, सरकार." मी प्रसाद घेतला आणि रस्ता ओलांडला.

पण पूजेला बसलेले शस्त्र दसऱ्याला घरात ठेवत नाहीत. ते सीमोल्लंघनाला बाहेर काढावे लागते. त्यांच्या पातीची मिरवणूक आपट्याच्या पाराकडे जायची, आणि तो पार होता आमच्या हद्दीत. पिढ्यान्‌पिढ्या तसेच चालत आले होते. सरदारांना वाटले असेल, दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या शस्त्राला कोण हात लावतो?

मी मिरवणूक अडवली नाही. तेवढे मला कळत होते. पाराजवळ बंदोबस्ताला उभा राहिलो. हत्ती गेले, निशाण गेले, सरदार घोड्यावरून आले. मागे त्यांचा माणूस ती रायफल छातीशी धरून चालत होता, माळ तशीच. पूजा झाली, सोने लुटले गेले. दोन्ही पातींचे मानकरी एकमेकांना भेटू लागले. आमचे कारभारी होते. मांडवात खुर्चीवर पाहुणा साहेबही तमाशा पाहत बसला होता.

मी सरदारांना आपट्याचे पान दिले, वाकलो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "सरकार, या साहेबांची एक बंदूक चोरीला गेल्याची आमच्याकडे फिर्याद आहे. आपल्या माणसाच्या हातातली तशीच दिसते. आज्ञा असेल तर नंबर पाहतो."

वाजंत्रीही थांबली. कारभारी पुढे झाले. "नायब! आज दसरा आहे!"

"होय साहेब. आणि ठाण्यात एक माणूस कोंडलेला आहे."

सरदारांचा चेहरा तांबडा झाला होता. "चोरीची? माझ्या घरच्या पूजेत चोरीचा माल?"

"फिर्याद तशी आहे."

"कुणाची फिर्याद?"

मी मांडवाकडे हात केला. साहेबाला मराठी कळत नव्हते, पण ती बंदूक ओळखायला भाषा लागत नव्हती. तो उभा राहिला.

"हा म्हणतो चोरी?" सरदार गरजले. "अरे, यानं स्वतःच्या हातानं पेटीसकट दिली! रोख मोजून घेतले! मी काय दरोडेखोर आहे? बघा तुमचा नंबर, बघा!"

त्यांनीच रायफल ओढून माझ्यापुढे केली. मी रुमालाने नळीवरचे कुंकू पुसले. नंबर यादीतलाच होता. तिथेच दोन्ही पातींच्या मानकऱ्यांसमोर पंचनामा लिहिला. सरदारांनी सही इतक्या जोरात केली की कागद फाटला. चोर ठरण्यापेक्षा नियम मोडणारा ठरणे त्यांना कमी लाजेचे वाटले.

साहेब तीनच बंदुका घेऊन मुंबईला गेला. पेट्यांना लाखेची मोहोर मीच केली आणि दाखलाही मीच लिहिला: चौथी बंदूक चोरीस गेलेली नाही, धारकाने विकली. मुंबईच्या जकात कचेरीने पुढे त्याचे काय केले, हे मला कोणी कळवले नाही. मला मात्र महिन्याच्या आत जंगलाकडच्या चौकीवर बदलीचा हुकूम आला. अभिनंदनाचा कागद आला नाही. मी वाटही पाहिली नव्हती.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, ती पुढे सगळ्या नोकरीत कामी आली. माणूस काय लपवतो, यापेक्षा तो काय लपवूच शकत नाही, ते मी आधी पाहू लागलो. सरदारांनी बंदूक लपवली. घराण्याची रीत आणि आपला मान त्यांना लपवता आला नाही. आणि दुसरे असे, की सही नाकारताना माझा आवाज कापला होता. कापऱ्या आवाजात दिलेला नकारही नकारच असतो. हे मी खास करून त्या तरुणांसाठी लिहितो, ज्यांच्या घरातून याआधी कोणी कचेरीत बसले नाही आणि ज्यांना त्यावरून कोणी हसेल.

पाग्याला दसऱ्याच्याच संध्याकाळी सोडले. जमादारांनी मालखान्यातून त्याची बंदूक आणून दिली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली. दस्त्यावरचे कुंकू अजून तसेच होते आणि तारेत झेंडूची एक पाकळी अडकली होती. त्याने पाकळीवरून बोट फिरवले.

"इनी की पूजा कणे करी?"

जमादारांनी माझ्याकडे बोट दाखवले. खोटेच. मी नाही म्हणायच्या आत त्याने बंदूक कपाळाला लावली, खांद्यावर टाकली आणि झपाझप आपल्या ज्वारीकडे निघाला.

मुद्देमालाला हात लावणे नियमाविरुद्ध आहे. त्या कुंकवाचा जाब मला कोणी विचारला नाही. विचारला असता, तर पूजा मीच केली असे मी सांगितले असते.