रिकाम्या घरातली गाणी

कॉफीत वेलची पडली की मला २०१० सालचं आयर्लंडमधल्या पोर्टलीशचं माझं हॉस्पिटल क्वार्टर आठवतं. माझ्याआधी तिथे राहून बदली होऊन गेलेली सुदानी डॉक्टर कपाटात वेलचीची कॉफी आणि एका गायिकेच्या दोन सीडी ठेवून गेली होती. अरबी आळवणी, मध्येच इंग्रजी कडवं, खाली पॉपचा ठेका.

एका रविवारी गाणं चालू असतानाच आईचा फोन आला.

"कोण गातंय गं? घरात माणसं आहेत वाटतं?"

"हो, मैत्रिणी आल्यात," मी रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले.

"बरं झालं बाई. मला उगाच काळजी."

पुढे दर रविवारी मी आधी सीडी लावायचे, मगच फोन उचलायचे.

आता पुण्यात आई एकटीच असते. फोन केला की मागे मालिकेतल्या बायका मोठमोठ्यानं बोलत असतात.

"शेजारणी आल्यात गं," ती म्हणते.

"बरं झालं, आई," मी म्हणते.