कॅमेऱ्यापुढे येणारा माणूस

वाशिम जिल्ह्यातून टीव्हीसाठी बातम्या देता देता माझी पंचवीस वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी चिडचिड एकट्या या माणसापायी झाली. रिसोडच्या स्टँडसमोर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. कॅमेरा दिसला की हात पुसत हजर. “तसं नाही जी, सोयाबीनचा भाव काल पडला, आज नाही.” “तसं नाही जी, ते सरपंच नाहीत, उपसरपंच हायेत.” दर वेळी त्याचंच बरोबर निघायचं, म्हणून राग जास्त यायचा.

गेल्या पावसाळ्यात मी स्टँडवरून लाइव्ह होतो. पुलावर पाणी आलंय, रिठदकडे जायला रस्ता उरला नाही, असं सांगत होतो. हा थेट माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“मागच्या डांबरी रस्त्यानं जीपा चालू हायेत, मी तिकडूनच आलो. माह्या भाचीले कळा सुटल्या, अन् घरचे तुमची बातमी पाहून थांबून राह्यले. फोनवर माह्यं ऐकत नाहीत. तुमीच सांगा.”

कानात स्टुडिओवाले ओरडत होते, त्याला बाजूला करा. मी आतून जळत होतो. तरी बोललो, “माझी चूक झाली. मागचा रस्ता सुरू आहे.”

तासाभरात भाचीला घेऊन जीप आली. तो दुकान उघडंच टाकून तिच्यामागे दवाखान्याकडे पळाला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी चरफडत त्याच्या स्टुलावर बसलो आणि तो परत येईपर्यंत दुकान राखलं.