ढेकूळवाले

आमच्या बाबांना सगळे ‘ढेकूळवाले’ म्हणतात. ते लोकांच्या शेतात भाड्याने रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं माती फोडायचं यंत्र, मारून देतात, आणि त्यांनी मारलेल्या शेतात लिंबाएवढी ढेकळं राहतात, म्हणून. पलीकडचा दुसरा ट्रॅक्टरवाला मातीचा अगदी भुगा करून देतो. लोकांना तो भुगा बघायला आवडतो. बाबांकडे उरतात ती थोडी चिवट गिऱ्हाइकं आणि नातेवाईक.

त्यांचं काम बघत थांबणं म्हणजे डोक्याला ताप. आधी मूठभर माती दाबायची. गोळा फुटला नाही की, “ओली आहे, आज नको,” म्हणून सरळ घरी परत. मग पाती. फिरत्या दांड्यावरचं प्रत्येक वाकडं पातं बोटाने चाचपायचं आणि झिजलेलं असलं की बदलायचं. “बोथट पातं कापत नाही, खालची माती थापून ठेवतं. मुळं तिथेच अडतात.” हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. आई म्हणते, माझ्याकडे एवढं निरखून कधी पाहिलं नाही यांनी.

गेल्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःचं शेत कसायला घेतलं. घेवडा लावायचा होता. हे साधलं नसतं तर मी परत दुकानात कापड मोजायला गेले असते, आणि ते मला नको होतं. शेजारच्या शेताची गादीसारखी माती बघून मला आमच्या ढेकळांची लाज वाटली.

“बाबा, माझं शेत एकदम बारीक करून द्या.”

“पाणी दिल्यावर बारीक माती थिजते. वर खपली धरते. घेवड्याची मान नाजूक असते.”

“सगळे करतात ते.”

त्यांनी आणखी एकदा समजावलं. मी तोंड फुगवलं. मग त्यांनी पात्यांचा वेग वाढवला, ट्रॅक्टर गोगलगायीसारखा चालवला, माती सपाट करणारी मागची फळी खाली टेकवली आणि दोनदा फिरवून दिलं. शेत इतकं देखणं झालं, की मी चपला काढून त्यात चालले.

बी टाकलं, पाणी दिलं, वर तीन दिवस कडक ऊन पडलं. आठव्या दिवशी शेतात एक पान नव्हतं. मी नखाने माती उकरली, तर वरचा थर कौलासारखा निघाला आणि खाली अंकुर मान वाकवून बसलेला. दोन-तीन तर मोडलेलेच होते. मी बांधावर बसून रडले, आणि घरी येऊन आईवर उगाच डाफरले.

बाबा शेडमध्ये गेले आणि एक लांब दांड्याचा हलका रूळ घेऊन आले. पाईपवर जुन्या पात्यांचे बोटभर तुकडे जोडलेले. तो ओळीओळीने फिरवला की खपली तडकायची आणि खालच्या अंकुराला धक्का लागायचा नाही. आम्ही दुपारपर्यंत आळीपाळीने फिरवत होतो. मग माझं लक्ष त्याच्या रंगावर गेलं. रंग पार वाळला होता, वर धूळही बसली होती.

“हे कधी बनवलंत?”

“तुझं शेत मारून आलो, त्या संध्याकाळी.”

“म्हणजे माहीत होतं. मग केलंत कशाला?”

“शेत तुझं होतं.”

मला त्यांचा राग आला, आणि जगात दुसरा असा माणूस नाही असंही वाटलं. दोन्ही एकदमच.

निम्म्याहून जास्त घेवडा वर आला. शेत माझ्याकडेच राहिलं.

यंदा मी शेतातून त्यांना फोन केला. “बाबा, रोटाव्हेटर आणा. ढेकळं ठेवायची.”

“मूठ दाबून बघितलीस?”

“बघितली. गोळा फुटला.”

 फोनवर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.