भिंतीवर पोहणारी मुलगी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. तुमच्या आईला तर नाहीच — आणि गोष्ट तिचीच आहे.

समुद्रावर गेलात की तुम्ही तिला हसता ना? सगळे पाण्यात, ती एकटी वाळूवर, टॉवेल धरून. कान लहानपणापासून नाजूक, असं ती म्हणते. ती खोटं बोलत नाही. तिला तसं सांगण्यात आलं होतं. — सांगण्यात आलं? कुणी सांगितलं? बघा, अजूनही मी कशी निसटते.

क्रमाने सांगते. तंजावरात तेव्हा एका क्लबाने पोहण्याचा तलाव बांधला आणि मुलांसाठी वर्ग काढले. क्लबाचे सेक्रेटरी आजोबांचे मित्र. मला चित्रं काढता येत, म्हणून जाहिरातीचं काम माझ्याकडे आलं — भिंतीवर लावायची मोठी चित्रं, शाळांत वाटायचे कागद. अट एकच: चित्रात मुलगी हवी, म्हणजे लोक मुलींनाही पाठवतील.

चित्रासाठी तुमच्या आईला मी ऊंजलवर, आपल्या झोपाळ्याच्या फळीवर, पालथं झोपवलं. ती हात मारी, पाय झाडी, कड्या करकरत.

"आई, खऱ्या पाण्यातही असंच का ग?"

"हलू नको," मी म्हटलं.

चित्रं सुरेख झाली. राजवाड्याच्या गल्ल्यांपासून बसस्टँडपर्यंत तीच, कुणीही ओळखावी अशी. सेक्रेटरी घरी आले; इकडच्या रीतीने मला मामी म्हणत. "काय मामी, भिंतीवर पोहते ती पोर पाण्यात कधी उतरणार? पहिली उडी तिचीच हं!" तिने ते ऐकलं. मग रोज तेच विचारणं.

आणि मला काय झालं? उघडे पाय, अंगाला चिकटलेले ओले कपडे, कठड्याशी बघे — उद्या तिचं लग्न ठरवताना कुणी बोललं तर? दुसऱ्यांच्या मुलींसाठी हेच मी धीटपणे रंगवलं होतं. नको म्हणावं, तर गावभर माझीच चित्रं. हो म्हणायची छाती नाही. म्हणून म्हणाले — डॉक्टर सांगतात, तिच्या कानाच्या पडद्याला भोक आहे. एकाही डॉक्टराने तो कान पाहिला नव्हता.

"पण दुखत नाही ग, आई."

"दुखत नाही, तेच वाईट."

माझी चित्रं पाहून मुली आल्या, पोहायला शिकल्या. ती कठड्याबाहेर उभी राहून बघायची. खोटं एकदा बोलून भागतं का? रोज न्हाताना तिच्या कानात तेलाचा कापूस घालायचा — माझ्याच हाताने. चित्रं पावसात गेली. कापूस राहिला. तिचं लग्न झालं, तुम्ही झालात. सांगायला वेळ का मिळाला नाही? मिळाला, पुष्कळदा. पण मग ती 'का' म्हणून विचारील, त्याला मी भ्याले.

तिचा कान चांगला आहे. नेहमीच होता.

मागच्या खेपेला ती आली, तेव्हा न्हाणीघरातून हाक मारली — "आई, कापूस?"

मी नेऊन दिला.