काकूंचं हळदीकुंकू

नव्वदच्या आसपास इंग्लंडमधल्या स्लाऊच्या एका हॉलमध्ये आमच्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि माईक अर्थातच माझ्या हातात. तेव्हा मी काय बोलले ते आठवलं की आजही कान तापतात.

झांबियातल्या एका आडगावात वीस वर्षं काढलेल्या काकू नुकत्याच लेकाकडे राहायला आल्या होत्या. त्या गावात त्या एकट्याच मराठी बाई, तरी दरवर्षी हळदीकुंकू करायच्या. एवढा मसाला मी सोडते होय! त्यांना स्टेजवर ओढलं आणि विचारलं, "काकू, तुमच्या जंगलात वाण लुटायला कोण यायचं हो? हत्ती?"

हॉल खदखदून हसला. काकूही हसल्या.

"अगं, अख्खं गाव यायचं. बाजारातल्या भाजीवाल्या, दवाखान्यातल्या नर्स. तिळगूळ कुठला, शेंगदाण्याचे लाडू वाटायचे मी. हे गेले त्या वर्षी मी कुणाला बोलावलंच नाही, तर त्याच लाडू करून घेऊन आल्या. मला खुर्चीत बसवलं आणि कुंकू लावलं. नवरा गेलेलीला लावत नाहीत, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं ना!"

या वेळी कुणी हसलं नाही.

तासाभरापूर्वी दारात उभी राहून मीच सगळ्यांना कुंकू लावलं होतं. काकू आल्या तेव्हा करंडा मागे घेत गोड आवाजात म्हणाले होते, "काकू, तुम्ही जरा किचनमध्ये चहाचं बघता का?"

करंडा शेजारच्या टेबलावरच होता. दोन पावलांवर.

"आता उखाणे!" मी माईकमध्ये म्हणाले.