काझी सरांचा गरम चंद्र

हल्ली माझी गावांची सरमिसळ होते, त्यामुळे देवणीचा किस्सा जळकोटचा म्हणून सांगितला गेला तर सांभाळून घ्या. लातूरच्या आमच्या कॉलेजात फिजिक्सचे आम्ही तिघे : काझी सर, बिरादार आणि मी. सुट्टीत तालुक्यांच्या शाळांमध्ये जाऊन 'अवकाशातली उष्णता' यावर बोलायचो. विज्ञान किती पोहोचलं कोण जाणे, किस्से मात्र गाडीची डिकी भरून परत यायचे.

*

जळकोटला बिरादार सांगत होते, की चंद्रावर हवा नाही, त्यामुळे उन्हातली उष्णता सावलीपर्यंत न्यायला कुणी नाही. उन्हात भाजतं, सावलीत गोठतं. कार्यक्रम कडुलिंबाखाली, महिना एप्रिलचा. सावली सरकली तसे श्रोतेही सरकत गेले आणि शेवटी सगळे बिरादारांच्या पाठीमागे! बिरादार उन्हात, समोर रिकामी सतरंजी. घाम पुसत त्यांनी विचारलं, समजलं का?

मागून उत्तर आलं, "समजलं की सर. म्हणून तर सरकून राहिलो."

*

नांदेडला मी सांगितलं, की ग्रहणात चंद्राची जमीन झपाट्याने थंड होते. परतताना लोह्यापर्यंत येईतो शंकेने घेरलं. झपाट्याने म्हणजे नेमकं किती? गाडी थांबवून हेडमास्तरांना फोन केला, की तपासून कळवतो, तोवर मुलांना लिहून देऊ नका.

ते शांतपणे म्हणाले, "सावकाश कळवा सर. ग्रहणाला अजून लई टाइम हाय."

*

काझी सरांचा जीव मात्र गुरूच्या एका चंद्रावर. सूर्यापासून इतका लांब, तरी त्याच्यावर ज्वालामुखी धगधगतात. गुरू आणि शेजारचे चंद्र त्याला सतत ओढतात, तो दाबला-ताणला जातो आणि आतून तापतो. हे कुणालाच पटायचं नाही. रिटायर होण्याआधी एकाने तरी 'पटलं' म्हणावं, एवढीच सरांची इच्छा.

देवणीला त्यांनी लोखंडी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून दाखवली. तिथे ती तापते. पण कुणाला हात लावू देण्याआधीच ती तुटली. एका शेतकऱ्याने विचारलं, चंद्रही असाच तुटतो का? सर प्रामाणिक, म्हणाले, ग्रहाच्या फार जवळ गेला तर तुटतो. उरलेला तास तुकडे कुणाच्या रानात पडतील यावर गेला.

*

शिरूर अनंतपाळ हा सरांचा शेवटचा कार्यक्रम. या वेळी तार नको, असं ठरलं. जेवणाची व्यवस्था बघणाऱ्या मुक्ताबाई म्हणून शिक्षिका होत्या. सरांनी त्यांना विनंती केली, की भाकरीचं पीठ भिजवून आणा आणि मी बोलेन तोवर इथेच बसून मळत राहा.

मुक्ताबाई परात घेऊन स्टेजवर बसल्या. सर बोलत होते, पीठ दाबलं जात होतं. शेवटी गोळा पहिल्या रांगेत फिरला. एका आजोबांनी तो गालाला लावून पाहिला.

"गरम हाय की! पटलं, काझी सर."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ घातलाच नाही. लातूर येईपर्यंत ते गाडीत गात होते.

मी घरी येऊन पीठ मळून पाहिलं. तापेना. पुन्हा मळलं. बायको म्हणाली, भाकरी करायचीय की नुसताच राग काढताय? मनगटात जोर नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि सरांपुढे विषय काढला नाही.

कित्येक वर्षांनी उदगीरला एका लग्नात मुक्ताबाई भेटल्या. न राहवून त्या गोळ्याचं विचारलंच.

"सर, ज्वारीचं पीठ जुनं होतं," त्या म्हणाल्या. "गरम पाण्यात भिजवलं नसतं, तर तुमच्या पंगतीच्या भाकऱ्या चिरल्या असत्या."