वैशालीचा सोलो

वैशालीच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हवा निसटत होती. पुन्हा फुंकलं, तरी सूर लागेना. मी रिहर्सल थांबवली. जवळ जाऊन पाहिलं तर तिचा डावा डोळाही मिटत नव्हता. तसंच तिला दवाखान्यात नेलं. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा. बहुतेकांचा बरा होतो, डॉक्टर म्हणाले.

मी विद्यापीठाचा कॉन्सर्ट बँड शिकवतो. परभणीत बँड म्हटलं की लोकांना वरात आठवते. आम्ही सिनेमाची गाणी घेत नाही. मुळात फुंकवाद्यांसाठीच लिहिलेलं संगीत वाजवतो. वैशाली युफोनियम वाजवायची. मांडीवर घ्यायचं पितळी वाद्य, आवाज जाड पण मऊ. त्यात ओठ थरथरले तरच सूर निघतो.

त्या वर्षीची मुख्य रचना तिचीच होती. आई वारल्यावर लिहिलेली. मधला सोलो, एकट्यानं वाजवायचा तुकडा, तिनं स्वतःसाठी ठेवला होता.

कार्यक्रम आठवड्यावर आलेला. विभागप्रमुखांनी सुचवलं, तेवढा तुकडा की-बोर्डवर उरका, कुणाला कळतंय? मी नाही म्हणालो. मग रचनाच काढा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

वैशालीनंच इम्रानला पुढं केलं. तो तिच्या शेजारी बसणारा दुसरा युफोनियमवाला. त्याला ते पटेना. ताईचा सोलो मी कसा वाजवू, म्हणाला.

"मंग कोण वाजवणार?" ती म्हणाली. शब्द नीट फुटत नव्हते. "आईसाठी लिवलंय. कपाटात ठिवायला न्हाई."

रोज संध्याकाळी ती त्याला शिकवायची. श्वास कुठं घ्यायचा, कुठं रोखायचा. बोलताना तोंडावर रुमाल धरायची. शेवटची रिहर्सल झाली आणि ती वालूरला घरी गेली.

इम्राननं चांगलं वाजवलं. संपल्यावर तिचे वडील मला भेटले. एकटेच आले होते.

"स्टँडपस्तोर आली व्हती सर," ते म्हणाले. "परभणीची गाडी आली, अन् माघारी फिरली."

काही महिन्यांनी चेहरा सरळ झाला. हसणं, बोलणं पूर्ववत. ओठांची पकड मात्र आली नाही. माझ्या खोलीत तिनं एकदा वाजवून पाहिलं. वरचे सूर फुटत होते. तिनं वाद्य पुसलं, पेटीत ठेवलं आणि इम्रानला द्या म्हणाली. आता ती जिंतूरला शाळेत विज्ञान शिकवते.

तेव्हापासून मी प्रत्येक सोलो दोघांकडून बसवून घेतो. कार्यक्रम अडत नाही. वाजवणाऱ्याचं पुढं काय होईल, याची खात्री मला देता येत नाही.